रक्त गाळणारे धागे



शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या आपल्या खारपाण पट्ट्यात डायलिसिस हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. घरचं माणूस आठवड्यातून दोन-तीनदा जातं, चार तास मशीनला लागतं आणि थकून परत येतं. पण मशीनला अडकवलेल्या त्या पारदर्शक नळकांड्यात असतं काय?

त्यात असतात सुमारे 10,000 पोकळ धागे, शेवईपेक्षाही बारीक. धाग्याच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून उलट्या दिशेनं औषध मिसळलेलं शुद्ध पाणी. एका वेळेला असं साधारण 120 लिटर पाणी लागतं! धाग्याच्या भिंतीला भोकं असतात, ती मोजायची नॅनोमीटरमध्ये. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक भाग म्हणजे नॅनोमीटर. युरिया, क्रिएटिनिन ही घाण त्या भोकांतून पाण्यात उतरते. रक्तपेशी आणि अल्ब्युमिन हे कामाचं प्रोटीन आतच राहतं.

अडचण मधल्या आकाराच्या घाणीची. ती युरियापेक्षा कितीतरी पट जड, सहज निघत नाही. भोकं मोठी करावीत तर अल्ब्युमिन निसटतं. शिवाय हे धागे पॉलिसल्फोनसारख्या पॉलिमरचे, म्हणजे प्लॅस्टिकच्याच जातीचे. परकी वस्तू दिसली की रक्त गोठू लागतं, प्रोटीन भिंतीला चिकटतं. म्हणून तर डायलिसिसच्या वेळी सहसा रक्त पातळ ठेवणारं औषध देतात.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. जयेश बेल्लारे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याच धाग्यांवर बरीच वर्षं काम केलं आहे. पॉलिमरमध्ये त्यांनी ई जीवनसत्त्वापासून बनवलेला, पाण्याशी जमवून घेणारा पदार्थ मिसळला. काही प्रयोगांत ग्राफिन ऑक्साइड हा कार्बनचा अतिसूक्ष्म पदार्थही वापरला. पोळी लाटताना गोळ्याला पीठ लावलं की ती पोळपाटाला चिकटत नाही ना, तसंच काहीसं. रक्ताला भिंत कमी परकी वाटते आणि घाण जास्त निघते, असं प्रयोगशाळेत दिसलं. प्रयोगशाळेपासून दवाखान्यापर्यंतची वाट मात्र लांब असते. म्हणून या बातमीवर कुणी चालू उपचार थांबवू नयेत. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी जिल्हा रुग्णालयांतून मोफत डायलिसिसची केंद्राची योजना 2016 पासून आहे. रेशनकार्ड घेऊन चौकशी करा.

आता आपल्या अंगातल्या गाळणीकडे या. तिचीही भोकं अशीच नॅनोमीटरची. शुगर आणि बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं की ती सैल पडतात आणि अल्ब्युमिन लघवीत उतरू लागतं. तेव्हा दुखत काहीच नाही, फार तर लघवीला फेस येतो आणि तो लवकर जिरत नाही. बचत गटात ज्यांना शुगर किंवा बीपी आहे त्यांनी वर्षातून एकदा दोन तपासण्या मागून घ्या: लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन. कुठे करायच्या, ते आशाताईंना विचारा.