सत्तेचाळीस अंशांच्या गावातले इंजिन ऑइल

नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांपर्यंत उतरला. गाडीच्या इंजिनातले तेल याहून मोठा पल्ला रोज गाठते. सकाळी किल्ली फिरवताना ते बाहेरच्या हवेइतके गार असते आणि अर्ध्याएक तासात नव्वद ते एकशे दहा अंशांवर पोहोचते. पिस्टनच्या रिंगांजवळ आणि टर्बोच्या बेअरिंगमध्ये तर त्याहून कितीतरी जास्त तापते. गार असताना पटकन वाहावे आणि तापल्यावर फार पातळ होऊ नये, अशी दुहेरी अपेक्षा तेलाकडून असते.

या अपेक्षेचा हिशेब डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० सारख्या आकड्यांत असतो. डब्ल्यू हे हिवाळ्याचे अक्षर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतली वाहण्याची क्षमता सांगतो, नंतरचा शंभर अंशांवरचा दाटपणा. एसएईच्या जे-३०० या मानकानुसार ५डब्ल्यू तेलाची गार इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३० अंशांवर होते आणि २०डब्ल्यू तेलाची उणे १५ अंशांवर. नागपूरच्या माणसाला यांतले एकही तापमान कधी पाहावे लागत नाही. तरीही पहिला आकडा अगदीच बिनकामाचा नाही. डिसेंबरच्या सकाळी, इतकेच नव्हे तर पंचवीस-तीस अंशांवरसुद्धा, ५डब्ल्यू तेल २०डब्ल्यू तेलापेक्षा लवकर इंजिनात वर चढते, आणि इंजिनाची बरीचशी झीज चालू होतानाच्या त्या पहिल्या क्षणांतच होते. ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यू यांच्यातला फरक मात्र विदर्भात जाणवण्याजोगा नाही. गाडीच्या पुस्तिकेत दोन्ही चालतात असे लिहिले असेल, तर केवळ त्या शून्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

कडक उन्हाचा नवतपा जवळ आला की गॅरेजमध्ये हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल टाका’. पाण्याने थंड होणाऱ्या कारच्या इंजिनाला तो सहसा लागू पडत नाही. थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा मिळून कूलंटचे तापमान ठरावीक पट्ट्यात ठेवतात. कूलिंगची यंत्रणा धड असेल, तर बाहेर तीस अंश असोत की पंचेचाळीस, आतल्या तेलाला पडणारा फरक मर्यादित राहतो. शिवाय ०डब्ल्यू-२० साठी घडवलेल्या इंजिनातल्या फटी, ऑइल पंप आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा त्या पातळपणाच्या हिशेबाने जुळवलेली असते. तिथे २०डब्ल्यू-५० ओतले तर संरक्षण वाढण्याऐवजी तेल उशिरा पोहोचते आणि इंधन जास्त जळते. पुस्तिकेत हवामानाप्रमाणे दोन-तीन ग्रेड दिले असतील, तर त्यांतला दाट ग्रेड निवडायला हरकत नाही. निर्णय पुस्तिकेचा असावा, पाऱ्याचा नव्हे.

सिंथेटिक या शब्दाभोवती बरेच धुके आहे. तेलाचा मूळ द्रव पाच गटांत मोडतो. पहिले दोन गट नेहमीच्या खनिज तेलांचे. तिसऱ्या गटातले तेलही खनिज तेलापासूनच येते, पण हायड्रोजनच्या तीव्र प्रक्रियेने त्याची रेणूरचना बदललेली असते. चौथा गट कारखान्यात जोडून घडवलेल्या पॉलिअल्फाओलेफिनचा. पाचव्यात एस्टर आणि बाकीचे सगळे. बाजारात सिंथेटिक म्हणून विकले जाणारे बरेचसे तेल तिसऱ्या गटातले असते, आणि रोजच्या वापराला ते पुरेसे आहे. सेमी-सिंथेटिक म्हणजे मिश्रण. त्यात सिंथेटिकचा वाटा किती, हे डब्यावरून सहसा कळत नाही. सिंथेटिकचा खरा लाभ असा की तापमान बदलले तरी त्याचा दाटपणा कमी बदलतो, ते उशिरा ऑक्सिडाइज होते आणि वाफ होऊन कमी उडते. पेट्रोल इंजिनांच्या आयएलसॅक मानकात २५० अंशांवर तासभर तापवल्यावर १५ टक्क्यांहून जास्त तेल उडता कामा नये, अशी अट आहे.

ग्रेडनंतर पाहायचा तो एपीआयचा दर्जा. पेट्रोलसाठी मे २०२० पासून एसपी हा दर्जा लागू झाला. लहान टर्बो इंजिनात कमी वेगावर अवेळी होणारा स्फोट आणि टायमिंग चेनची झीज रोखण्याच्या चाचण्या त्यात आहेत. पुस्तिकेत जुना एसएन लिहिलेला असला तरी एसपी चालते. डिझेलचे प्रकरण वेगळे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल कारमध्ये सहसा काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तेलातल्या राखेने तो हळूहळू तुंबतो. म्हणून तिथे कमी राखेचे, एसीईएच्या सी वर्गातले तेल सांगितलेले असते. फिल्टर साफ होण्यासाठी सोडलेले जादा डिझेल काही वेळा तेलात उतरते. ऑइलच्या पट्टीवर पातळी वरच्या खुणेच्याही वर दिसू लागली, तर तेल वाढले म्हणून खूश होऊ नये. ते बदलायची वेळ झालेली असते.

तेलात इंधन मिसळण्याची हीच तक्रार शहरी वापरातही असते. धरमपेठेतून सीताबर्डी, तिथून इतवारी आणि परत, अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत तेल नीट तापतच नाही. जळणातून आलेले पाणी आणि न जळलेले पेट्रोल उडून न जाता चेंबरमध्ये साचते. मीटरवर किलोमीटर कमी दिसतात, पण तेल थकलेले असते. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगमर्यादेत मुंबईच्या दिशेने ७०१ किलोमीटर जाणाऱ्या गाडीचे तेल खूप तापते, मात्र त्यातले पाणी उडून जाते. म्हणून कमी धावणाऱ्या गाडीला किलोमीटरपेक्षा महिन्यांची मुदत महत्त्वाची, आणि महागडे सिंथेटिक टाकले म्हणून ती आपोआप दुप्पट होत नाही. बांधकामाची धूळ आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडची राख झेलणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर वेळेवर बदलणे हेही तेलाचेच रक्षण आहे.

उन्हाचा मुद्दा खरा ठरतो तो हवेने थंड होणाऱ्या दुचाकींत. उन्हाळ्यात महापालिका काही चौकांत हिरव्या जाळ्या बांधते. त्या सावलीत चालवणाऱ्याला बरे वाटते, पण उभ्या गाडीच्या फिन्सवरून वारा काही जात नाही. इथे सिंथेटिकला खरोखर किंमत आहे. मात्र मोटरसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असल्याने डब्यावर जासो मानकाचे एमए किंवा एमए-२ हवेच. कारचे घर्षण कमी करणारे तेल टाकले तर क्लच घसरतो. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असल्याने तिला एमबी चालते, आणि बऱ्याच स्कूटरना तेच सांगितलेले असते. पाऊण-एक लिटर तेलात चालणाऱ्या जुन्या दुचाकीत मात्र विसरलेल्या सिंथेटिकपेक्षा वेळेवर बदललेले साधे तेल बरे.

खरेदी करताना सील, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख पाहावी आणि रिकामा डबा कापून टाकावा, म्हणजे त्यात पुन्हा भलतेच तेल भरले जात नाही. जळके ऑइल लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासायची किंवा सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायची पद्धत जुनी आहे, पण त्यात जड धातू आणि विषारी संयुगे असतात, आणि नालीत ओतलेले तेल शेवटी नाग नदीत जाते. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा होऊन शुद्ध व्हावे, ही जबाबदारी तेल उत्पादकांवर आली आहे. घरी तेल बदलणाऱ्याने ते डब्यात भरून अधिकृत संकलकाला तेल देणाऱ्या गॅरेजमध्ये पोहोचवावे.