सगळंच पित्त नसतं

डोकं दुखलं की पित्त. अंगावर गांधी उठल्या की पित्त. छातीत जळजळलं, आंबट ढेकर आली, घाटात उलटी झाली तरी पित्त. आणि रागाने खवळतं तेही पित्तच. मराठी घरात इतक्या दुखण्यांचं ओझं वाहणारा दुसरा शब्द नसेल. त्यावरचे उपायही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले: थंड दूध, आमसुलाचं सार, मोरावळा, फारच झालं तर पाण्यात फसफसणारी पुडी. आयुर्वेदाच्या माधवनिदानात अम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण आहे, तेव्हा तक्रार काही आजची नाही. पण पोटापुरतं बोलायचं तरी या शब्दाखाली दोन अगदी वेगळी दुखणी राहतात. एक अल्सर, म्हणजे जठराला किंवा त्यापुढच्या लहान आतड्याच्या सुरुवातीला पडलेली जखम. दुसरं, जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत येणं, म्हणजे मधलं दार नीट न लागणं. जखमेचा इलाज वेगळा, दाराचा वेगळा. पथ्य कुठे कामाला येतं आणि कुठे नाही, हे या फरकावरून ठरतं.

जखम कशाने होते?

जठरात रोज दीड ते दोन लिटर पाचकरस तयार होतो आणि त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. एवढ्या तीव्र रसात जठर स्वतः का पचून जात नाही? कारण त्याच्या आतल्या बाजूला बुळबुळीत श्लेष्माचं अस्तर असतं. ते अस्तर फाटलं की आम्ल थेट मांसाला भिडतं.

ते फाडतं कोण? अनेक दशकं वैद्यकाचं उत्तर होतं: चिंता, तिखट आणि जास्तीचं आम्ल. मग ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन यांना रुग्णांच्या जठराच्या तुकड्यांत वळणदार जंतू दिसू लागले. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरांनी ते प्रयोगशाळेत वाढवायचा प्रयत्न केला, पण काही उगवेना. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणपेटीत राहिल्या आणि जंतू दिसले. तरीही कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल स्वतःच ते जंतू प्यायले. काही दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठराला सूज दिसली. या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. दोघांना 2005 चं नोबेल मिळालं.

दुसरा गुन्हेगार आपल्या औषधांच्या डब्यात असतो. गुडघा दुखतो म्हणून महिनोन्‌महिने घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि अ‍ॅस्पिरिन हे अस्तराची डागडुजी करणारी रसायनंच रोखतात. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नये. पोटाची तक्रार त्यांच्या कानावर घालावी.

म्हणून अल्सर निव्वळ पथ्याने बरा होत नाही. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत जंतू सापडला, तर प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी असा साधारण 14 दिवसांचा कोर्स पूर्ण करावा लागतो. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या, तर जंतू पुन्हा डोकं वर काढतो. तिखटाने अल्सर होत नाही. ज्याला झोंबतं त्याने तेवढ्यापुरतं कमी करावं. तंबाखू आणि दारू मात्र सोडावीच, त्यांच्यामुळे जखम भरायला वेळ लागतो.

आणि दूध? शिकागोच्या बर्ट्राम सिप्पी यांनी 1915 मध्ये अल्सरच्या रुग्णांना दर तासाला दूध-साय आणि जोडीला क्षार द्यायची पद्धत रूढ केली. ती कित्येक वर्षं चालली. दुधाने घटकाभर गार वाटतं हे खरं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल तयार करायला लावतात. प्यावं, पण औषध समजून नव्हे.

दार का लागत नाही?

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास गेला की ते मिटतं. ते सैल पडलं किंवा खालून दाब वाढला की आम्ल वर येतं आणि छाती जळते. इथे मात्र राहणीतला बदल खरोखर उपयोगी पडतो.

सुटलेलं पोट जठरावर सतत दाब देतं, म्हणून वजन उतरवणं हा सगळ्यांत भरवशाचा उपाय. पँटचा पट्टा, परकराची नाडी करकचून बांधू नये. तळकट पदार्थांनी जठर उशिरा रिकामं होतं. कॉफी, चॉकलेट, पुदिना, तंबाखू यांनी कडं सैल पडू शकतं. पण प्रत्येकाचं दुखणं वेगळ्या पदार्थाने चाळवतं. म्हणून दोन आठवडे वहीत लिहून पाहावं: काय खाल्लं, किती वाजता, कधी जळजळलं. जे दोषी ठरेल तेवढंच ताटातून काढावं. आमसूलही याच परीक्षेला बसवावं. पित्तावरचा उपाय म्हणून त्याची ख्याती असली तरी ते स्वतः आंबटच.

काय खाल्लं इतकंच केव्हा खाल्लं हेही मोलाचं. उपासाला दिवसभर चहावर काढून रात्री तुपातली साबुदाण्याची खिचडी आणि वर दोन वडे, ही 'एकादशी, दुप्पट खाशी' छातीला भोवते. लोकलने घरी पोचून साडेदहाला जेवणाऱ्याने संध्याकाळी सहालाच डब्यातली पोळीभाजी खाऊन घ्यावी आणि रात्री थोडक्यात आटोपावं. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. त्या वेळात शतपावली आहेच.

झोपतानाही आपल्या भाषेत एक शहाणपण दडलेलं आहे: वामकुक्षी. वाम म्हणजे डावी. जठराची पिशवी डावीकडे झुकलेली असते. डाव्या कुशीवर आम्ल दाराच्या खाली राहतं, उजव्या कुशीवर ते दाराशी येतं. रात्री जळजळणाऱ्यांनी पलंगाचे डोक्याकडचे पाय विटा किंवा ठोकळे लावून सहा ते आठ इंच उचलावेत. नुसत्या दोन उशा घेतल्याने पोट दुमडतं आणि दाब वाढतो.

आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या गोळ्या जेवणाआधी अर्धा ते एक तास घेतल्या तर लागू पडतात. डॉक्टरांना न विचारता त्या वर्षानुवर्षं घेऊ नयेत.

काही खुणा मात्र पित्त म्हणून झाकू नयेत. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, कारण नसताना उतरणारं वजन, अशक्तपणा. छातीत दाटून येऊन घाम फुटला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर सोड्याची पुडी शोधू नका, रुग्णालय गाठा.

आणि दिवाळीचा फराळ? नरकचतुर्दशीला तो अभ्यंगस्नानानंतर, पहाटेच खायची रीत आहे. पुढे अख्खा दिवस हिंडण्याफिरण्यात जातो आणि चकली निमूट पचते. रात्री अकराला टीव्हीसमोर उघडलेल्या चिवड्याच्या डब्याला ती सोय नाही. डबे तेच, तेलही तेच. या वर्षी फक्त झाकण उघडायची वेळ जुनीच ठेवून पाहा.