महाशीर भिवंडीत का राहत नाही?

भिवंडीच्या कामवारी नदीत गळ टाकलात, तर फार फार तर एखादा मांगूर नाहीतर तिलापिया लागेल. महाशीर? नावच सोडा! पण वाड्याच्या रस्त्याला लागा, खड्डे मोजत मोजत तिळसे गाठा आणि वैतरणेकाठच्या तिळसेश्वराच्या देवळापाशी पाण्यात डोकावा. मोठाले खवले, जाड ओठ, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. हेच ते महाशीर! लोक त्यांना देवमासे म्हणतात, म्हणून कुणी त्यांच्यावर जाळं टाकत नाही. आणि गंमत ऐका: त्यांच्या जबड्यात एकही दात नसतो. दात असतात थेट घशात! गोगलगाय गिळली की तिचं कवच तिथेच फुटतं.

जाळं पडत नाही, हे झालं अर्धं कारण. उरलेलं पाण्यातच शोधायला हवं.

भिवंडी म्हणजे यंत्रमाग. सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावतात. त्या कामाला सायझिंग म्हणतात, हे तिथल्या मुलांना सांगायलाच नको. या खळीत स्टार्च असतो. तो सांडपाण्यातून नदीत गेला, की जिवाणूंची पंगतच बसते. खाता खाता ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन फस्त करतात. मुळात तो असतोच किती? 20 अंश सेल्सिअसच्या लिटरभर पाण्यात जेमतेम 9 मिलिग्रॅम. पाणी 30 अंशांवर गेलं, की साडेसातच. मांगूरला त्याची फिकीर नाही. त्याच्या कल्ल्यांपाशी हवेतून श्वास घ्यायला खास अवयव असतो. वर येतो, हवेचा घोट घेतो, पुन्हा चिखलात. महाशीरकडे ही युक्ती नाही. त्याला खळाळतं, स्वच्छ पाणीच लागतं.

शिवाय दगडगोटेही हवेत. पहिल्या पावसात मासे ओढ्यांतून उलटे वर चढतात, ती वलगण ठाणे-पालघरकडच्या मुलांनी पाहिलेली असते. महाशीरही पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध पोहत जातो आणि गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. गोट्यांच्या फटींतून पाणी वाहत राहिलं, तरच अंड्यांना ऑक्सिजन मिळतो. वर गाळ बसला, तर ती आतल्या आत गुदमरतात. वाटेत बंधारा आला, तर आई तिथपर्यंत पोचतच नाही. रेती उपसणारे गोटेही उचलून नेतात, मग अंडी घालायची कुठे? लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात महाशीरची पिल्लं वाढवतात, तिथेही अंड्यांना वाहतं पाणी द्यावंच लागतं.

उन्हाळ्यात नदी आटते, तेव्हा मोठे मासे खोल डोहात जाऊन राहतात. डोह गाळाने भरला, की तेही घर गेलं.

महाशीर निदान मैलोन्‌मैल पोहू शकतो. पण आंबोलीचा एक चिमुकला मासा बघा. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाचं देऊळ आहे. तिथल्या नितळ, गोटेदार पाण्यात 2020 मध्ये शास्त्रज्ञांना माशाची एक नवीच जात सापडली. नदीवरूनच तिचं नाव ठेवलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. लांबीला तुमच्या करंगळीएवढीसुद्धा नाही! पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. जागा किती? दोन हेक्टरांहून थोडी जास्त. म्हणजे मासा वाचवायचा, तर आधी तेवढं पाणी, तेवढे गोटे आणि वरचं जंगल राखायला हवं.