पंप गेला, टाकी राहिली

"ताई, जरा वास घेऊन बघता का?"

बचत गटाची बैठक संपली. बाकीच्या बायका गेल्या, पण एक जण मागं थांबली. पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिनं माझ्यापुढं धरली. झाकण उघडलं आणि रेशनच्या रांगेतला रॉकेलचा डबाच आठवला. पाणी दिसायला नितळ, वास मात्र पेट्रोल-रॉकेलचा!

दागिने मोडून या जोडप्यानं आमच्या तालुक्याच्या गावात प्लॉट घेतला, दोन खोल्या बांधल्या, बोअर पाडला. उन्हाळ्यात काही जाणवलं नाही. पाऊस झाला, बोअरचं पाणी वर आलं आणि वास सुरू झाला. बोअरवाला म्हणाला, "मशीनचं ऑइल असेल, आठ दिवस उपसा." महिना झाला तरी तेच. शेवटी शेजारच्या आजीबाई सहज बोलून गेल्या, "अगं, इथं पूर्वी पेट्रोल पंप होता की! रस्ता रुंद झाला तेव्हा हलला."

मैत्रिणींनो, पंप हलतो तेव्हा मशीन जातं, छप्पर जातं, पाटी जाते. जमिनीखालच्या टाक्यांचं काय? त्या निघाल्याच असतील असं नाही. आणि निघाल्या तरी मातीत झिरपलेलं इंधन तिथंच राहतं. जुन्या टाक्या एकेरी लोखंडी पत्र्याच्या. त्यांना गंज चढतो, पाइपाचा सांधा सुटतो. रोज एक लिटर गळालं तरी वर्षाला ३६५ लिटर झालं, आणि वर कुणाला पत्ताही लागत नाही.

मग उन्हाळ्यात नसलेला वास पावसाळ्यात कसा आला? आमटीवरची तर्री आठवा. पेट्रोल पाण्याहून हलकं, म्हणून भूजलावर ते तसंच तरंगतं. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की ही तर्रीही खाली उतरते आणि वाटेतल्या मुरमाला चिकटून राहते. पावसाळ्यात पाणी चढलं की चिकटलेलं पुन्हा पाण्यात येतं. आपल्याकडे मुरमाखाली काळा पाषाण. त्यात पाणी भेगांमधून वाहतं, त्यामुळं लगतची विहीर चांगली आणि चार घरं सोडून पलीकडचा बोअर खराब, असंही होऊ शकतं.

पेट्रोलमध्ये बेंझिन नावाचं द्रव्य असतं. त्यानं रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम सांगितली आहे, म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग! आपल्या नाकाला बेंझिन कळतं ते याच्या कितीतरी पट झाल्यावर. त्यामुळं 'वास नाही म्हणजे पाणी चांगलं' हे इथं चालत नाही. शिवाय २००० सालापूर्वीचा पंप असेल तर शिसं घातलेल्या पेट्रोलचीही शंका घ्यावी. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं.

"उकळून प्यायलं तर?" आपला नेहमीचा प्रश्न. उकळल्यानं जंतू मरतात, पेट्रोल मरत नाही. त्याची वाफ स्वयंपाकघरात पसरते आणि ती आपल्याच नाकात जाते. अंघोळीच्या गरम पाण्याचंही तसंच. तुरटी, मेडिक्लोर यांचा इथं उपयोग नाही. घरच्या फिल्टरवरही विसंबू नये.

ही काही एकट्या आमच्या गावाची गोष्ट नाही. जून २०२३ मध्ये गोव्यात वास्को-दाबोळी भागातल्या विहिरींत आणि ओहोळात इंधन आढळलं, एका विहिरीनं तर पेट घेतला. तिथं संशय भूमिगत इंधनवाहिनीवर होता. उच्च न्यायालयानं प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. अमेरिकेत १९८८ मध्ये भूमिगत टाक्यांसाठी कडक नियम आले. तिथं आजवर पाच लाखांहून जास्त ठिकाणी गळती नोंदली गेली आहे. शोधलं म्हणून सापडली. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी शाळा, दवाखाने आणि वस्तीपासून अंतराचे नियम घातले. पण जिथून पंप उठला, त्या जागेकडे कोण बघणार?

तपास होतो, त्याची रीत ठरलेली आहे. आधी टाक्या नेमक्या कुठं होत्या ते जुन्या नकाशावरून काढतात. मग आजूबाजूला भोकं पाडून वेगवेगळ्या खोलीवरची माती घेतात. किमान तीन ठिकाणी पाण्याची पातळी मोजतात, म्हणजे भूजल कोणत्या दिशेला वाहतं ते समजतं. पाणी काचेच्या छोट्या बाटलीत, हवेचा बुडबुडाही न ठेवता काठोकाठ भरतात आणि थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठवतात. फ्लोराइड, नायट्रेट, जंतू यांच्या नेहमीच्या तपासणीत पेट्रोल सापडत नाही. म्हणून अर्जात 'बेंझिन व पेट्रोलजन्य घटकांची तपासणी' असं स्पष्ट लिहायचं.

आम्ही दहा जणींनी मिळून अर्ज केले. एक नगरपालिकेला, एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि एक भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला. पंपाचं ना हरकत प्रमाणपत्र जिल्हा प्रशासन देतं, म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली विचारलं, "टाक्या किती होत्या? कुठं होत्या? काढल्या का?" पहिल्या टेबलावरचे साहेब हसले, "बाई, पंप जाऊन किती वर्षं झाली!" मी म्हटलं, "साहेब, पंप गेला, पण वास कालच आलाय." पोहोच घेतल्याशिवाय आम्ही हललो नाही.

नमुना गेला आहे, अहवाल यायचा आहे. तोवर ती दोन गल्ल्या ओलांडून पिण्याचं पाणी आणते. परवा म्हणाली, "ताई, पाऊस थांबला तसा वास कमी झालाय. आता प्यायला हरकत नाही ना?" मी नाही म्हटलं. तिचा चेहरा उतरला. पोटाला चिमटा काढून घेतलेल्या घरचंच पाणी टाकून द्यायचं, हे सोपं नाही.

म्हणून सांगते, प्लॉट घेताना सातबारा बघा, एनए बघा. आणि गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीला गाठून विचारा, "आजी, इथं आधी काय होतं?" कागदावर नसलेलं पुष्कळ तिला ठाऊक असतं.