सरपंच निवडायचा कुणी?

सरपंच थेट जनतेतून निवडण्याची तरतूद महाराष्ट्रात २०१७ साली आली. २०२० मध्ये नव्या सरकारने ती काढली आणि २०२२ मध्ये त्यानंतरच्या सरकारने परत आणली. पक्षांची सोय त्यात होतीच, पण वाद जुना आणि जगभरचा आहे. सदस्यांनी सरपंच निवडणं ही संसदीय रीत, लोकसभेतलं बहुमत पंतप्रधान ठरवतं तशी. थेट निवड अमेरिकेच्या अध्यक्षीय पद्धतीच्या जवळची.

पहिल्या रीतीतली खोट गावोगावी ठाऊक आहे. निकाल लागला की काठावरचे दोन-तीन सदस्य ‘सहली’ला जातात. फोन बंद, घरच्यांनाही पत्ता नाही. निवडीच्या दिवशी गाडी थेट ग्रामपंचायतीच्या दारात येऊन थांबते. पुढे अविश्वास ठरावाचा धाक राहतो. मात्र त्या धाकानेच सरपंच सदस्यांना धरून चालतो.

थेट निवडीत सरपंचपदासाठीची ही पळवापळवी टळते. पण सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्याचं झालं, की नळयोजनेचा ठरावही अडून बसतो. अमेरिकेत अध्यक्ष आणि काँग्रेस यांच्यातल्या रस्सीखेचीत २०१८-१९ च्या हिवाळ्यात संघ सरकारचा बराच कारभार ३५ दिवस बंद होता.

मला या दोन्हींपेक्षा ग्रामसभा महत्त्वाची वाटते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एखाद्याला पटलं नाही तर विषय पुन्हा चर्चेला येतो. याला वेळ लागतो, पण याच गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे आपला बांबू स्वतः विकला. गाव लहान, म्हणून हे जमलं. मोठ्या गावात एकमताच्या नावाखाली दांडग्यांचं फावतं. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथली निवडणूक प्रक्रिया २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने ‘बिनविरोध’ निवडीसाठी झालेल्या पदांच्या लिलावामुळे रद्द केली होती.

ग्रामसभेला कोरम लागतो तो १५ टक्के किंवा १०० मतदारांचा, यातला कमी आकडा. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. मग पाराजवळ पंधरा-वीस जण बसतात, सह्यांचं रजिस्टर नंतर घरोघर फिरतं आणि वर्षभराची कामं मंजूर होतात. सरपंचाच्या निवडीचा कायदा पाच वर्षांत दोनदा फिरवला गेला. दुरुस्ती खरी इथे हवी आहे.