शेजारच्या बागेची मालकी

मोठ्या शहरांतील उद्यानें बहुधा एखाद्या धनिकाच्या औदार्यानें किंवा नगरपालिकेच्या ठरावानें निर्माण होतात. परंतु शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं स्वतःच्या हातांनीं केलेल्या बागांचाही एक इतिहास आहे, आणि तो आमच्या वाचकांनीं जाणून घ्यावा असें आम्हांस वाटतें. त्यासाठीं न्यूयॉर्क शहराचें उदाहरण फार बोधप्रद आहे.

१९७० नंतरच्या दशकांत त्या शहराची सांपत्तिक स्थिति अत्यंत खालावली. गरीब वस्त्यांतील अनेक घरमालक कर थकवून इमारती टाकून गेले. कित्येक इमारती जळाल्या, कित्येक पाडल्या गेल्या, आणि त्या जागा नगरपालिकेकडे आल्या. तेथें विटामातीचे ढीग नि केरकचरा सांचूं लागला. लिझ ख्रिस्ती ही चित्रकर्ती अशाच एका वस्तींत राहत असे. तिनें व तिच्या सोबत्यांनीं ‘हिरवे गनीम’ अशा अर्थाचें नांव धारण केलें. कुंपण घातलेल्या ओसाड जागांत ते बी आणि खत भरलेले फुगे फेकीत. १९७३ सालीं त्यांनीं बौअरी व ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील उकिरडा उपसला, चांगली माती घातली आणि भाजीपाल्याचे ६० वाफे केले. पुढील वर्षीं नगरपालिकेनें ती जागा त्यांना दरमहा १ डॉलर भाड्यानें दिली. तें पाहून इतर वस्त्यांनींही हाच मार्ग धरला, आणि १९७८ सालीं नगरपालिकेनें अशा बागांच्या साह्यार्थ ‘ग्रीन थम्’ नांवाची योजना काढली.

परंतु भाड्याची जागा ती भाड्याचीच. शहर पुन्हां सधन झालें, जमिनीचे भाव चढले, आणि १९९९ सालीं महापौर रुडॉल्फ जुलियानी यांच्या कारकीर्दींत अशा ११४ बागांचा लिलाव पुकारण्यांत आला. घरांची टंचाई होती हें खरें; पण वीस-वीस वर्षें घातलेल्या श्रमांची नोंद कोणत्याच दप्तरांत नव्हती. लिलावास एकच दिवस उरला असतां दोन लोकोपयोगी संस्थांनीं ४२ लक्ष डॉलर देऊन त्या बागा सोडविल्या. ‘एस्पेरान्सा’ या बागेचें दैव मात्र इतकें बलवत्तर नव्हतें. या स्पॅनिश नांवाचा अर्थ ‘आशा’. २००० च्या फेब्रुवारींत राखणीस बसलेल्या लोकांना हलवून ती यंत्रांनीं सपाट करण्यांत आली. अखेर २००२ सालीं तडजोड झाली: शेंकडों बागा कायम राहिल्या, कांहीं जागा घरांकडे गेल्या. लिझ ख्रिस्तीची बाग आजही आहे. तिच्या मृत्यूनंतर त्या बागेस तिचेंच नांव देण्यांत आलें.

आमच्या शहरांच्या विकास आराखड्यांतही उद्यानांसाठीं भूखंड राखून ठेवलेले असतात. पण आपल्या घराजवळच्या मोकळ्या जागेवर असें आरक्षण आहे कीं नाहीं, हें किती कुटुंबांनीं पाहिलें असेल? घरांतील आजोबा-आजींना सायंकाळीं टेकावयास बाक आणि नातवंडांना धांवावयास हिरवळ हवी असेल, तर चार घरांनीं मिळून आधीं तो आराखडा पाहावा, नगरपालिकेकडे अर्ज करावा, लेखी उत्तर हातीं घ्यावें, आणि मग खुशाल रोपें लावावीं.