हलक्या माराने बोट मोडले तर...

बादली उचलताना किंवा दाराचा हलकासा मार लागून बोट मोडले, अशी तक्रार घेऊन एखादा रुग्ण दवाखान्यात येतो. एवढ्याशा माराने निरोगी हाड सहसा मोडत नाही. अशा वेळी हाडातच काही दोष आहे का, हे पाहावे लागते.

हाताच्या हाडांत सर्वांत जास्त आढळणारी गाठ म्हणजे एन्कॉन्ड्रोमा. ही गाठ कूर्चेची बनलेली असून हाडाच्या आत हळूहळू वाढते. वाळवी लागलेला वासा बाहेरून धड दिसतो, तसेच या हाडाचे होते. आतून ते पातळ होत जाते. बोटाच्या मुळाकडील पेरात ही गाठ अधिक दिसते. साधारणतः १० ते ४० वर्षे वयात ती लक्षात येते. पुष्कळदा ती दुखतही नाही.

गाठ म्हटली की घरातील मंडळी कॅन्सरच्या भीतीने हादरतात. परंतु एकाच हाडात असलेल्या अशा गाठीचा कॅन्सर होणे फार क्वचित घडते. अनेक हाडांत गाठी असल्यास मात्र धोका अधिक असतो. अशा रुग्णांनी नियमित तपासणी करावी. मार न लागता गाठ दुखू लागली किंवा झपाट्याने वाढली, तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

निदानासाठी साधा एक्स-रे बहुधा पुरेसा असतो. गाठ लहान असून त्रास नसेल, तर ठराविक काळाने एक्स-रे काढून लक्ष ठेवतात. बोट मोडले असल्यास बहुतेक वेळा आधी हाड जुळू देतात, मग शस्त्रक्रिया करतात. हाडाला छोटी खिडकी पाडून गाठ खरवडून काढतात व गरज पडल्यास कमरेच्या हाडाचा चुरा त्या पोकळीत भरतात. काढलेला भाग प्रयोगशाळेत तपासून निदान पक्के करतात. गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण कमी आहे. मात्र बोट आखडू नये म्हणून सांगितलेले व्यायाम चुकवू नयेत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सुजलेले बोट चोळून घेणे, ओढून बसवणे. पोखरलेले हाड त्याने आणखी मोडते, वाकडे जुळते आणि बोट कायमचे अधू होऊ शकते. शेतीकाम, शिलाई किंवा लिखाणावर पोट असणाऱ्याला हे परवडणारे नाही. आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम व सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. म्हणून वाचकहो, आधी एक्स-रे, मग उपचार!